नाचायला निमित्त लागते

लग्नसराई आली की आमच्या वर्धा जिल्ह्यात एक दृश्य हमखास दिसते. नवरदेव मारुतीचे दर्शन घेऊन निघतो आणि वरात मांडवाकडे सरकू लागते. पुढे संदल नाहीतर डीजे, त्याच्यासमोर नाचणारी पंधरा-वीस तरुण मुले आणि मागे दुपट्टे सावरत, घाम पुसत चाललेली शे-दीडशे मोठी माणसे. त्यातल्या एखाद्या काकांना कुणी हात धरून ओढले, की उत्तर ठरलेले असते, "मले नाई जमत, बाप्पा!" काकूंना तर कुणी फारसे ओढतही नाही.

मी बरीच वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिक्षिका होते. आज 'जमत नाही' म्हणणाऱ्या यातल्या कितीतरी काकांना मी पाचवी-सहावीत लेझीम खेळताना पाहिले आहे. २६ जानेवारीला ढोलकीवर थाप पडली की चार आवाज, आठ आवाज, बैठक, सगळे कसे बिनचूक! मुलींचेही तसेच. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघरी भुलाबाई बसायची आणि टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणताना या मुलींना खाऊचीही आठवण राहत नसे. म्हणजे ताल अंगात होता. मग तो चाळिशीपर्यंत कुठे गेला?

मला वाटते, तो कुठेही गेलेला नाही. मोठ्या माणसाला आपल्याकडे नाचायला निमित्त लागते, एवढेच. ते निमित्त मिळाले की तोच माणूस नाचतो.

सर्वांत जुने निमित्त देवाचे. वर्धा नदीच्या काठावरच्या कौंडण्यपुराहून आषाढीसाठी रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. आर्वीच्या समोरच नदीपलीकडे हे गाव. पालखीबरोबरच्या वारकऱ्यांकडे पाहा. सत्तरीचे आजोबा पावली खेळतात, नातवंडे असलेल्या बाया फुगडी घालतात. "या वयात हे काय?" असे त्यांना कुणी विचारत नाही. कीर्तनात नाचण्याला तर नामदेवांपासूनची परंपरा आहे. तिथे नाचणारा आणि बघणारा अशी विभागणीच नसते. टाळ हाती असलेला प्रत्येक जण त्या खेळातला असतो.

दुसरे निमित्त रुमालाचे. बँडवाल्याने बीन वाजवली, की एरवी गंभीर असणारे एखादे भाऊजी रुमाल दातांत धरून नागीण होतात. ही धून १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली, संगीत हेमंतकुमार यांचे. गंमत म्हणजे ती बीन खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजींनी क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर ती वाजवली होती. पण तिने आमच्या लाजाळू पुरुषांवर मोठे उपकार केले. रुमाल तोंडात धरला की ते भाऊजी राहत नाहीत, नागीण होतात, आणि नागिणीला कोण हसणार?

तिसरे निमित्त दारूचे. आमचा जिल्हा गांधीजी आणि विनोबांचा. इथे कायद्याने दारूबंदी आहे. तरीही वरातीत नाचणाऱ्या काहींची पावले आधीच 'तयार' होऊन आलेली असतात, हे उघड गुपित आहे. दुसऱ्या दिवशी कुणी चिडवलेच तर "जरा जास्त झाली होती" असे म्हणता येते. नाचल्याचा दोष बाटलीवर जातो आणि माणूस मोकळा होतो. नाचण्यासाठी प्यावे लागते, असे पोरांना वाटू लागते ते इथूनच.

या तिन्हींमध्ये बाईच्या वाट्याला काय येते? दारू आणि रुमाल पुरुषांचे. तिला उरतो देव. वारीत फुगडी घातली तर चालते, आणि देवीपुढे अंगात आले म्हणून ती घुमली तर लोक हात जोडतात. पण केवळ आनंद झाला म्हणून ती नाचली, तर डोळे वर होतात. गेल्या काही वर्षांत वरातीत मुली-सुना नाचू लागल्या, ही चांगली गोष्ट आहे. तरी त्यातही मर्यादा आहेतच. आमच्या ओळखीत मुलाच्या हळदीला सुनेने विधवा सासूचा हात धरून तिला फेरात घेतले. दोन क्षण सगळे गप्प झाले. मग एका म्हातारीनेच टाळी धरली आणि फेर पुढे सरकला. त्या बाईंनी दोनच फेऱ्या घेतल्या आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "वीस वर्सं झाली असतील, पाय उचलले नव्हते." ज्या मुलाला तिने एकटीने वाढवले, त्याच्या लग्नात दोन फेऱ्या घेण्यासाठी तिला इतरांच्या नजरेची परवानगी लागावी, याचा आपण विचार केला पाहिजे.

आता या नजरेत मोबाइलची भर पडली आहे. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि 'झिंगाट'ने अनेकांना खुर्चीतून उठवले. पण त्याच वेळी प्रत्येकाच्या हातात कॅमेराही आला. काकांनी चुकीचे पाऊल टाकले तर संध्याकाळपर्यंत ते नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरते. मग पुढच्या लग्नात काका खुर्ची सोडत नाहीत.

नाचल्याने होते काय, असेही कुणी विचारेल. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका तालावर, एकसारख्या हालचाली करणाऱ्यांची वेदना सोसण्याची शक्ती वाढली आणि सोबत्यांविषयी जवळीकही वाढली, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे बसल्या जागी नुसते हात हलवणाऱ्यांनाही एकतालाचा फायदा झाला. गुडघे दुखणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. आमच्या भुलाबाईच्या टिपऱ्यांना हे आधीच ठाऊक असावे!

तेव्हा घरी कार्य असेल तर थोडे करून पाहा. डीजेचा आवाज उतरवा, अर्धा तास मोबाइल खिशात ठेवायला सांगा आणि रांगेऐवजी फेर धरा. फेरात सगळे एकमेकांसमोर असतात, कुणी एकटा पडत नाही. भुलाबाईचे एखादे गाणे घ्या, ते आजीला पाठ असते आणि नातीला शिकता येते. ज्यांना मनापासून नाचायचे नसेल, त्यांना मात्र हात धरून फरफटत आणू नका. टाळी धरून बसणाराही फेरातलाच असतो. फक्त त्यांच्यासाठी फेरात एक जागा मोकळी ठेवा. वाटले तर येतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)