शासकीय खरेदीचे बदलते नियम आणि लघुउद्योजक



खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. अशा केंद्रीय आस्थापनांना माल पुरविणारे लघुउद्योजक पुणे परिसरात पुष्कळ आहेत. पूर्वी केंद्राचे दरकरार पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय करीत असे. ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या संगणकीय बाजारपेठेत जो माल मिळतो, तो तेथूनच घेणे २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी केंद्रीय खात्यांना बंधनकारक केले.

त्याच वर्षी देशी मालाला प्राधान्य देणारा आदेश निघाला. २०२० च्या सुधारणेनुसार मूल्याचा किमान ५० टक्के वाटा देशी असेल, तर पुरवठादार पहिल्या वर्गात मोडतो. हा वाटा त्याने स्वतःच घोषित करावयाचा असतो. खरी कसोटी येथेच लागते. परदेशी सुटा भाग स्थानिक व्यापाऱ्याकडून घेतला, म्हणून तो देशी ठरत नाही. घोषणा खोटी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत निविदा भरण्यास मनाई होऊ शकते. दहा कामगारांच्या कारखान्याला तेवढ्यानेच टाळे लागेल.

म्हणून जुन्या निविदेची नक्कल न करता प्रत्येक वेळी अटी नव्याने वाचाव्यात, कच्च्या मालाची बिले जपून ठेवावीत. गावोगावचे शिक्षक व पंचायत सदस्य यांनी तरुण कारखानदारांना एवढे समजावून दिले, तरी पुष्कळ नुकसान टळेल.