शाळेचा दर्जा आणि पालकांचे मत
(एका माध्यमिक विद्यालयाच्या पालक-मेळाव्यातील भाषण)



गावातील माध्यमिक विद्यालय कसे चालले आहे, याविषयी प्रत्येक घरात काही ना काही मत असतेच. पारावर, एस.टी.च्या थांब्यावर, आठवड्याच्या बाजारात ते मोकळेपणाने बोलले जाते. मात्र पालकसभेत तेच मत क्वचितच उमटते. सभेची सूचना मुलाच्या वहीत लिहून दिलेली असते. जिला वाचता येत नाही त्या मातेपर्यंत ती पोहोचत नाही. सभा भरते ती भर दुपारी आणि पुष्कळदा ऐन सुगीत. दिवसाची मजुरी बुडवून जे येतात, ते प्रगतिपुस्तकावर सही किंवा अंगठा करून परततात. ज्यांच्या मुलांसाठी शाळा चालते, त्यांचेच मत अशा रीतीने शाळेला अज्ञात राहते.

महाराष्ट्रात शाळा आणि रयत यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंडाची तरतूद होती. पुढे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. घरोघरच्या मूठभर धान्याचा तिच्या कार्याला आधार मिळाला. त्या काळी पालकाला शाळेपर्यंत आणावे लागत होते. आज बहुतेक घरांतून मुले-मुली आपणहून शाळेत येतात. म्हणूनच आता तेथे मिळणाऱ्या शिक्षणाच्या कसाकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे.

हा कस पाहण्याची पालकांची नेहमीची खूण म्हणजे दहावीचा निकाल. परंतु मार्च २०२४ च्या माध्यमिक शालान्त परीक्षेत राज्याचाच निकाल ९५.८१ टक्के लागला. जेथे बहुतेक सारेच उत्तीर्ण होतात, तेथे केवळ टक्केवारीवरून एक शाळा दुसरीहून सरस ठरविणे अवघड आहे. याच सुमारास, २०२३ साली, ‘असर’ पाहणीत देशातील २६ राज्यांच्या २८ जिल्ह्यांतील ग्रामीण भागात १४ ते १८ वर्षे वयाच्या मुला-मुलींची चाचणी घेण्यात आली. त्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उताराही सफाईने वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकाने भागण्याचे उदाहरण निम्म्याहून कमी मुलांना सोडविता आले. वर्ग पुढे सरकला, पण वाचन मागेच राहिले, असे या वयातही घडते, हे त्यावरून ध्यानी येते.

निकालपत्रात न दिसणाऱ्या अनेक गोष्टी पालक जाणतात. प्रयोगशाळेचे कुलूप वर्षात किती वेळा निघाले, हे मुलगा घरी सांगतो. गणिताच्या शिक्षकांची जागा किती महिने रिकामी आहे, हे गावाला ठाऊक असते. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल, तर मुलगी महिन्यातील काही दिवस घरीच राहते आणि त्याचे कारण केवळ तिची आई जाणते. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो. परंतु शाळा सुटण्याआधीच शेवटची गाडी निघून जात असेल, तर शेवटचा तास तिला नेहमीच सोडावा लागतो. एखादा बाप अंधार पडतो म्हणून मुलीला नववीतून काढतो, तेव्हा त्याचेही शाळेविषयीचे मतच व्यक्त होत असते. मात्र ते कळेपर्यंत मुलीचे नाव पटावरून गेलेले असते.

येथे एक बाब विशेष लक्षात घ्यावयास हवी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याचे संरक्षण ६ ते १४ वर्षे वयाला, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. त्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य महिला असणे आवश्यक केले. नववी-दहावीच्या उंबरठ्यावर कायद्याचा हा हात सुटतो. नेमक्या त्याच ठिकाणी पालकांच्या जागरूकतेची निकड अधिक भासते.

तेव्हा शिक्षक-पालक संघाची सभा सायंकाळी, कामावरून परतल्यानंतर भरावी. तिची दवंडी गावात द्यावी. सभेत प्रत्येक मातेला बोलण्याची संधी मिळावी आणि मांडलेली अडचण इतिवृत्तात नोंदवून पुढील सभेत तिचे काय झाले ते वाचून दाखवावे. एस.टी.च्या वेळेबाबत आगाराकडे अर्ज करणे, रिक्त जागेसाठी वरिष्ठ कार्यालयाकडे पाठपुरावा करणे, ही कामे शिक्षक आणि पालक मिळूनच तडीस जाऊ शकतात. पालकांनीही घरी आठवड्यातून एकदा मुलाला धडा मोठ्याने वाचावयास सांगावे. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही मूल कोठे अडखळते ते ऐकू येतेच. सभेत सांगण्याजोगी पहिली गोष्ट त्यांना तेथेच सापडेल.