टाइलची पाठ





अंतराळयानातल्या सिरॅमिकचा विषय निघाला की आधी तापमानाचे आकडे सांगितले जातात. स्पेस शटलच्या काळ्या टाइल्स १२६० अंश सेल्सिअसपर्यंतची धग सोसत आणि आतलं ॲल्युमिनियम १७५ अंशांपलीकडे तापू देत नसत. शुद्ध सिलिकाचे तंतू आणि नव्वद टक्क्यांहून अधिक पोकळी, एवढीच ती टाइल. पण मला आज बोलायचं आहे ते तिच्या पाठीबद्दल, जिथे ती यानाला चिकटते तिथल्या जोडाबद्दल.

१९७९ साली 'कोलंबिया' हे शटल विमानाच्या पाठीवर बसवून फ्लोरिडाला न्यायचं ठरलं, तेव्हा चाचणी उड्डाणातच बऱ्याच टाइल्स गळून पडल्या. पुढे तपासात दिसलं, की टाइल मजबूत होती, सिलिकोनचा चिकटाही मजबूत होता. पण टाइल आणि यान यांच्या मधे बसवलेल्या नमद्याच्या थराचे टाके टाइलला मोजक्याच बिंदूंवर ओढत होते आणि जोडाची ताकद निम्म्यावर येत होती. मग टाइलच्या पाठीत सिलिकाचं पातळ मिश्रण मुरवून तो थर घट्ट करण्यात आला. हजारो टाइल्स काढून पुन्हा बसवाव्या लागल्या. १२ एप्रिल १९८१ रोजी 'कोलंबिया' झेपावलं, त्यामागे ही मेहनत होती.

आपल्या इस्रोची एसआरई-१ कुपी २२ जानेवारी २००७ रोजी बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली, तीही सिलिका टाइल्स अंगावर घेऊन.

काचेच्या बाबतीतही प्रश्न जोडाचाच असतो. सौर घटांवरच्या पातळ काचेत सेरियम मिसळतात, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि काचेखालचा चिकटा काळवंडत नाही. २००९ साली अंतराळात गेलेल्या 'हर्शेल' दुर्बिणीचा साडेतीन मीटरचा आरसा सिलिकॉन कार्बाइडच्या बारा पाकळ्या सांधून केला होता.

पदार्थ आणि रचना अशा जोडातच भेटत असूनही आपल्याकडे पदार्थ घडवणारे एका दालनात आणि रचना करणारे दुसऱ्या दालनात बसतात. मला हे मनापासून खटकतं. म्हणून पुण्यातल्या या परिषदेत समांतर सत्रं ठेवलेली नाहीत. पहिलं सत्र जोडांचंच आहे. विद्यार्थ्यांना चाचणीत तुटलेले नमुने मुद्दाम आणायला सांगितले होते. तडा कुठून सुरू झाला, हे तुटलेल्या पृष्ठभागावर दिसतं. ते नमुने सूक्ष्मदर्शकांसह बाहेरच्या दालनात मांडले आहेत. चहाच्या वेळी जरूर पाहा, आणि त्या मुलांना प्रश्न विचारा.