दार उघडं ठेवा



आज हप्ता, व्याज आणि कर्जाचा विषय थोडा बाजूला ठेवू या. गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती. वही मिटली, सह्या झाल्या, आणि एक मावशी उठायच्या ऐवजी बसूनच राहिल्या. त्यांची मुलगी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॉलेजात शिकते. होस्टेलवर राहते. सुट्टीला घरी आली तेव्हा भाकरी खाता खाता सहज बोलून गेली, "बुधवारी आम्ही ख्रिस्ती मुलींच्या प्रार्थनेला बसतो." त्या दिवसापासून मावशींना झोप नाही. घरात धनी म्हणतात, पोरीला घेऊन या, बास झालं शिक्षण. मावशींनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही दोघी त्यातल्या. खरं सांगा, पोरीला घरी आणू का?"

आम्ही दोघी समन्वयक ख्रिस्ती घरातल्या आहोत, हे तुम्हाला माहीत आहे. बी.ए. करताना आम्ही होस्टेलवर असाच प्रार्थनेचा गट चालवत होतो, हे मात्र आम्ही कधी सांगितलं नव्हतं. मावशींना तेव्हा म्हणालो, पोरीला लगेच आणू नका, आम्ही रेडिओवर नीट सांगतो. तेच आज सांगतोय, आमच्या चुकांसकट.

आमचा गट गच्चीवर बसायचा. बुधवारी मेसचं जेवण झालं की अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला सहा जणी होतो, सगळ्या चर्चला जाणाऱ्या. आम्हाला वाटायचं, सगळ्या ख्रिस्ती म्हणजे सगळ्या सारख्याच. पहिल्याच महिन्यात ते खोटं ठरलं. श्रीरामपूरकडची मुलगी कॅथलिक. ती दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणारी, हातात जपमाळ. आमच्याकडे जपमाळ नसते, आम्ही मरियेकडे मागणं करत नाही. त्यावरून एकदा इतका वाद झाला की दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत. नंदुरबारकडच्या दोघी मावची बोलणाऱ्या. आम्ही गीतांच्या पुस्तकातून धडाधड गाणी म्हणायचो आणि त्या नुसत्या ओठ हलवायच्या. एक दिवस त्यांतली एक म्हणाली, "तुमची मराठी फार पुस्तकी आहे. आमच्या गावात आम्ही नाचून गातो." आम्ही गटाच्या पुढाऱ्या, आणि आमच्या पंगतीला बसलेली उपाशी उठते हे आम्हाला कळलंच नव्हतं.

मग एक रीत पाडली. दर बुधवारी एकीने आपलं गाणं आणायचं, आपल्या बोलीत. बाकीच्यांनी शिकायचं. कॅथलिक मुलीने तिच्या पद्धतीने प्रार्थना करायची, आम्ही आमच्या. कोणी कोणाची दुरुस्ती करायची नाही. त्यानंतर वाद कमी झाले आणि हसणं वाढलं.

हळूहळू इतर मुलीही येऊन बसायला लागल्या. कोणी वारकरी घरातली, कोणी बौद्ध, एक मुसलमान मैत्रीण परीक्षेच्या दिवसांत यायची. धर्म ऐकायला फारशी कोणी येत नव्हती. घरची आठवण यायची, इंग्रजीच्या पेपरची भीती वाटायची, म्हणून यायच्या. कोणीतरी आपलं नाव घेऊन विचारतं, तुझं कसं चाललंय, एवढ्यासाठी यायच्या.

आता मोठी चूक सांगतो. ती सांगताना आजही जीभ जड होते.

पाथर्डीकडची एक मुलगी होती. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिची आई आजारी पडली, दवाखान्यात ठेवलं. ती गच्चीवर येऊन रडली. आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, ते ठीकच होतं. पण आम्ही पुढे म्हणालो, "तू विश्वास ठेव, आई नक्की बरी होईल." आम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या. बोलताना खरंच वाटत होतं. तीन आठवड्यांनी तिची आई गेली.

मुलगी परत आली, पण गच्चीवर येईना. जिन्यात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "माझाच विश्वास कमी पडला का गं?"

मैत्रिणींनो, आई गेलेल्या लेकीच्या डोक्यावर आम्ही वर दोषाचा दगड ठेवला होता. त्यानंतरचा बुधवार आम्ही गाणी म्हटली नाहीत. नुसत्या बसलो. पुढच्या रविवारी एस.टी.ने तिच्या गावी गेलो. तिच्या आजीने आम्हाला चहा दिला. आम्ही मुलीला सांगितलं, चूक आमची होती, जे आमच्या हातात नाही त्याचा शब्द आम्ही द्यायला नको होता. ती काही बोलली नाही. आजी म्हणाली, "आलात तेवढं बरं झालं."

त्या प्रवासातून परत येताना आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, प्रार्थना करू, पण फळाचं आश्वासन देणार नाही. दुसरी, मदत आणि प्रार्थना एकमेकांना बांधायची नाही. तिसरी, जे काही करायचं ते उघड्यावर. रेक्टरबाईंना माहीत हवं, घरच्यांना माहीत हवं, आणि गच्चीचं दार उघडं हवं.

दुसऱ्या गोष्टीसाठी आम्ही पत्र्याचा एक डबा ठेवला. जमेल तिने आठवड्याला पाच-दहा रुपये टाकायचे. कोणाचे मेसचे पैसे थकले, कोणाला परीक्षेची फी भरायची आहे, तर त्यातून द्यायचं. गच्चीवर येते की नाही, हे विचारायचं नाही. आणि काय सांगावं, दिवाळीनंतर ती पाथर्डीची मुलगी वही घेऊन आली. म्हणाली, "डब्याचा हिशोब मी ठेवते, तुमचा चुकतो." तिने शेवटच्या वर्षापर्यंत हिशोब ठेवला. प्रार्थनेला बसायची कधी, कधी नाही. आम्ही मोजलं नाही. बचत गटाचा पहिला धडा आम्ही तिच्याकडूनच शिकलो.

एकदा एका मुलीचे वडील तावातावाने आले. गावात कोणीतरी कान भरले होते. रेक्टरबाईंनी त्यांना थेट गच्चीवर आणलं. ते कोपऱ्यात बसून राहिले. त्या दिवशी मावची गाणं होतं, मग एका मुलीच्या भावाच्या लग्नाच्या कर्जाची गोष्ट निघाली, मग डब्याचा हिशोब वाचला. जाताना ते म्हणाले, "मला आधी कोणी सांगितलं असतं तर एवढा संताप झाला नसता." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लपलेल्या गोष्टीचीच भीती मोठी होते.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या, आणि शिकायला आलेल्या मुली हिंदू घरातल्या, त्यांत बालविधवा. मुलींना आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसायच्या. त्यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. 1893 साली सल्लागार मंडळातल्या रानडे, भांडारकरांसारख्या मोठ्या माणसांनी राजीनामे दिले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण चूक, कोण बरोबर, यावर आजही लोक वाद घालतात. आम्हाला मात्र त्या काढून नेलेल्या मुली आठवतात. त्यांतल्या कितीजणींची पाटी तिथेच फुटली असेल! आणि त्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण शिकल्या.

आता कायद्याचं दोन वाक्यांत. आपल्या राज्यघटनेच्या 25व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि सांगायचा हक्क दिला आहे, मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. आणि 28व्या कलमात असं आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही तिच्या मर्जीविरुद्ध धार्मिक उपासनेला बसवता येत नाही, आणि ती अज्ञान वयाची असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे सांगणाऱ्याला हक्क आहे, तसा "मी येत नाही" म्हणणाऱ्या मुलीलाही आहे.

तर मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलीला घरी आणायच्या आधी तिला चार गोष्टी विचारा. रागावून नको, भाजी निवडता निवडता विचारा.

एक, तिथे दार उघडं असतं का, कोणीही येऊन बघू शकतं का?

दोन, एखाद्या आठवड्यात तू गेली नाहीस तर कोणी तोंड फिरवतं का?

तीन, पैसे, नोट्स, नोकरी असलं काही देऊन त्याच्या बदल्यात काही मागतात का?

चार, "घरी सांगू नको" असं कोणी म्हणतं का?

चौथ्याचं उत्तर "हो" आलं, तर मात्र लगेच होस्टेल गाठा. मग तो गट ख्रिस्ती असो, सत्संगाचा असो, की आणखी कुठला असो. चारही उत्तरं नीट आली, तर मुलीवर विश्वास ठेवा. घरापासून लांब तिला चार माणसं मिळाली आहेत, असं समजा.

आणि ज्या मुली असे गट चालवतात, आमच्या धर्माच्या किंवा कुठल्याही, त्या ऐकत असतील तर त्यांना मोठ्या बहिणींसारखं सांगतो: समोरची आधी कोणाची तरी लेक आहे. तिचं दुःख आपल्या प्रचाराला वापरू नका.

जाता जाता एक बातमी. मावशींनी लेकीला फोन केला आणि चारही प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "एखाद्या बुधवारी मी येऊन बसू का?" लेक म्हणाली, "ये की, येताना शेंगदाण्याची चटणी आण." मुलगी कॉलेजातच आहे. धनी अजून कुरकुरतात, पण फी भरली आहे.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात हा विषय काढा. ज्यांच्या मुली होस्टेलवर आहेत त्यांनी आधी बोला. नमस्कार!