मधली पायरी
(ज्युबिली समारंभानिमित्त सुपे येथे दिलेले भाषण)



ज्युबिली हा शब्द आज आपल्या सर्वांच्या मुखी आहे. त्याचा मूळ अर्थ लेवीय ग्रंथात सापडतो. पन्नासावे वर्ष उगवले म्हणजे शिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि हातची गेलेली भूमी मूळच्या कुळास परत मिळावी, अशी देवाची आज्ञा होती. सुप्यास हा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. १२ मे १८७५ रोजी ह्याच गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडून त्यांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. त्या दंग्यांचा परिणाम म्हणून १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कागदाच्या एका तुकड्याने वाडवडिलांची जमीन कशी जाते, हे ज्या गावाने पाहिले, त्या गावात दूरच्या एका देशाची कथा सांगावी असे आम्ही योजिले आहे.

केनिया देश त्या काळी इंग्रजांच्या अमलाखाली होता. तेथील उंच, थंड व सुपीक पठारे केवळ गोऱ्या वसाहतवाल्यांकरिता राखून ठेविली होती, आणि किकुयु लोक आपल्याच पूर्वजांच्या भूमीवर मजूर होऊन राहिले होते. आफ्रिकी पुरुषास ओळखीचा परवाना धातूच्या डबीत घालून गळ्यात बाळगावा लागे. शाळा, इस्पितळे, वस्त्या, पगार ह्या सर्वांत तीन पायऱ्या होत्या : वर गोरा, तळाशी आफ्रिकी, आणि मधल्या पायरीवर हिंदी व गोमंतकीय. मधल्या पायरीचे सुख मोठे चमत्कारिक असते. वरच्याकडून होणारा अपमान मनुष्य खालच्याकडे पाहून विसरतो.

ह्याच पायरीवर, नैरोबीतील एका गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात, ३१ मार्च १९२७ रोजी पियो गामा पिंटो ह्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकर होते. बालपणीच त्यांस शिक्षणाकरिता इकडे धाडण्यात आले. गोव्यातील हडफडे येथील सेंट जोसेफ शाळा, मग धारवाडचे कर्नाटक कॉलेज, आणि पुढे मुंबईस टपाल व तार खात्यात नोकरी असा त्यांचा क्रम झाला. मुंबईत ते संपात पडले, गोव्याच्या मुक्तीकरिता झटले, आणि पोर्तुगीज सरकारचा रोष ओढवल्यामुळे १९४९ साली केनियास परतले.

तेथे कारकुनी करावी, सायंकाळी क्लबात जावे, असे सुखाचे आयुष्य त्यांस सहज लाभले असते. नैरोबीतील गोमंतकीयांचे क्लबदेखील दर्जाप्रमाणे निरनिराळे होते. शिंप्यांची संस्था वेगळी, साहेबी कचेऱ्यांतील मंडळींची वेगळी. परंतु पिंटोंनी आपली पायरी सोडली व ते आफ्रिकी पुढाऱ्यांत मिसळले. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. त्यानंतर आफ्रिकी मनुष्यास शहरात फिरणे कठीण झाले. मधल्या पायरीवरील मनुष्याकडे मात्र शिपायाची तितकी नजर नसे. वर्णभेदाने दिलेली हीच सवलत पिंटोंनी वर्णभेदाविरुद्ध वापरली. जोमो केन्याटा व त्यांचे पाच सहकारी ह्यांच्यावरील खटल्यात बचावाच्या तयारीस त्यांनी हातभार लाविला. त्या बचावाकरिता इंग्लंडहून प्रिट, हिंदुस्थानातून दिवाण चमनलाल, तसेच नायजेरिया व जमैका येथील कायदेपंडितही आले. हे साह्य उघड होते. गुप्तपणे मात्र पिंटो रानातील बंडखोरांस पैसा आणि शस्त्रेही पोहोचवीत.

जानेवारी १९५४ मध्ये त्यांचा विवाह झाला, आणि जूनमध्ये त्यांस पकडण्यात आले. प्रथम मांडा बेटावर व नंतर काबारनेट येथे, १९५९ पर्यंत ते स्थानबद्ध होते. सुटताच त्यांनी बंदिवानांच्या बायकामुलांकरिता निधी जमविला. डिसेंबर १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढील वर्षी ते लोकसभेत गेले व भूमिहीनांची बाजू मांडू लागले. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी, घराच्या दाराशी, मोटारीत लहान मुलगी बसली असता, त्यांस गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे ३७ वर्षांचे होते.

येथे आपणांस शंका येईल की, शस्त्रे पुरविणारा मनुष्य ख्रिस्ती सभेत वाखाणावा काय? शंका रास्त आहे. मार्च १९५३ मध्ये लारी येथे बंडखोरांनी आपल्याच देशबांधवांची, स्त्रिया व मुलांसुद्धा, कत्तल केली. सरकारनेही हजारांहून अधिक लोकांस फाशी दिले व बंदिवानांचे अतोनात हाल केले. त्याबद्दल इंग्लंडच्या सरकारने २०१३ साली खेद व्यक्त करून ५,२२८ जणांस भरपाई कबूल केली. पिंटोंच्या प्रत्येक कृतीस आम्ही धर्माची मोहोर लावीत नाही. परंतु जे मधल्या पायरीवर स्वस्थ बसले, त्यांचे हात निर्मळ राहिले असेही आम्हांस म्हणवत नाही.

पुढे दक्षिण आफ्रिकेतही असेच घडले. १९६७ पासून लंडनचे काही गोरे तरुण प्रवासी म्हणून तेथे जात, आणि बंदी घातलेल्या पक्षाची पत्रके भर रस्त्यात उधळीत. गोऱ्या कातडीचा संशय कोणास येत नसे, म्हणूनच ते काम त्यांचे होते. काहींस त्यापायी तुरुंग भोगावा लागला.

आता आपल्याकडे पाहू. ह्या भागातील आपली ख्रिस्तसभा बहुतांशी वेशीबाहेरच्या वस्तीतून उभी राहिली. आपल्या आजोबांस गावच्या विहिरीवर घागर बुडविता येत नसे. आज आपल्यांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कचेरीत ओळख असलेले आहेत. म्हणजे आपण मधल्या पायरीवर आलो. मग तळाशी कोण आहे? दर हिवाळ्यास ऊसतोडणीच्या टोळ्या ह्या तालुक्यात येतात. त्या कोपीत राहतात, आणि मुकादमाची उचल फेडता फेडता हंगाम सरतो. ती उचल कोणत्या वहीत, किती मांडली आहे, हे पुष्कळांस वाचता येत नाही. १८७५ ची वही अद्याप पुरती जळालेली नाही!

बंधुभगिनींनो, ज्यास अक्षर येते त्याने एखाद्या सायंकाळी कोपीपाशी बसून तो हिशेब वाचून द्यावा. जी शिक्षिका आहे तिने तेथील मुलास हाती धरून बाकावर बसवावे. गाजावाजा नको, फलक नको. आपल्या ज्युबिलीचे शिंग असे वाजले तर ते प्रभूच्या कानी पडेल, अशी आमची श्रद्धा आहे. तसे करण्याचे बळ तो आपणां सर्वांस देवो. आमेन.