पिवळा रंग सांगतो एन्झाइमचा वेग

कुणी लिव्हरची तपासणी करून घेतली, की रिपोर्टमध्ये 'अल्कलाइन फॉस्फटेज' अशी एक ओळ हमखास दिसते. हे एन्झाइम रक्तात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रक्ताच्या सीरममध्ये पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट मिसळतात. नाव जिभेला जड, पण काम साधं. मूळ द्रावण जवळजवळ रंगहीन. एन्झाइमने त्यातला फॉस्फेट तोडला, की उरलेलं नायट्रोफिनॉल अल्कधर्मी द्रावणात पिवळंधमक दिसतं. ३७ अंश तापमानाला, ४०५ नॅनोमीटर प्रकाशात, हा पिवळेपणा दर मिनिटाला किती वाढतो ते यंत्र टिपतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त इथे चालत नाही: तिच्यातलं ईडीटीए या एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतं. वाढत्या मुलांची हाडं वाढत असतात, म्हणून त्यांचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त येतो. आईवडील उगाच धास्तावतात.

हीच युक्ती डेअरीतही चालते. कच्च्या दुधात हे एन्झाइम असतं. ७२ अंशांवर १५ सेकंद पाश्चरीकरण नीट झालं, की ते निकामी होतं. तरीही नमुना पिवळा पडला, तर दूध पुरेसं तापलेलं नसतं, किंवा नंतर त्यात कच्चं दूध मिसळलेलं असतं.