मूर्तिजापूरचे रूळ आणि आपला कापूस
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मूर्तिजापूर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले ते गाडी बदलताना. माणसांसारखीच तिथे कापसानेही गाडी बदलली आणि त्याच कामावर ते गाव वाढले.

वऱ्हाडाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, मधे पूर्णेचा काळ्या मातीचा सपाट पयनघाट, दक्षिणेला बालाघाटचे पठार. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे सपाटी धरून आली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. अकोला आणि बडनेऱ्याच्या मधले मूर्तिजापूर तिच्या वाटेवर पडले. अचलपूर डोंगराच्या पायथ्याशी राहिले, यवतमाळ पठारावर. कापूस तर दोन्हीकडे पिकतो.

सालही लक्षात घ्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडची रुई विलायतेला जाईना, आपल्या कापसाला भाव चढला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. म्हणजे तेजीत आमचा माल बैलगाडीने गेला. आगगाडी नागपूरला आली ती मंदीत!

पुढे १९१० साली किलिक निक्सन या इंग्रज पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, सुमारे ७६. हे रूळ अडीच फुटी, मुंबईची लाइन साडेपाच फुटी. डबा पुढे जाणारच कसा? कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगावची गठाण मूर्तिजापूरला उतरवायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. ही हमाली शेवटी कोणाच्या भावातून कापली जाते, ते आम्हाला कोणी शिकवायला नको.

लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले, जीव लावला. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले. १९९४ पर्यंत ते ओढत राहिले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी रेल्वे चालवी, मिळकतीचा वाटा कंपनीला जाई. आता दोन्ही फाट्यांवर ही गाडी धावत नाही. रुंदीकरणाची घोषणा २०१६ साली झाली.

रुंदीकरण आम्हालाही हवे. पण नुसते प्रवासी डबे धावून कापसाला काय मिळणार? पाच क्विंटल कापसातून १७० किलोची एक गठाण निघते. जिन जवळ असले, सरकी इथेच घाण्याला गेली, तर दूर न्यायचे वजन तिसऱ्या हिश्श्यावर येते. तेव्हा मागणी करायची ती कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगावला मालधक्क्याची. मूर्तिजापूरला पुन्हा माल न उतरवता गठाण थेट जाईल अशी.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक आकडा लिहून आणावा: घरून जिनापर्यंत कापूस न्यायला क्विंटलमागे भाडे किती पडते. ज्वारीचाही आणा. निवेदन त्या आकड्यांवरच लिहू.